सतरा नंबरची चकती

१

उद्घाटनाला दोन दिवस राहिले असताना, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, रेघताईंनी विमानाच्या नाकाच्या डाव्या अंगाला बोट टेकवलं आणि ते बोट सरळ आत गेलं.

त्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. हातात त्यांनीच काढलेल्या फलकाची छोटी नक्कल होती. फलकाचं नाव ‘हे काय आहे?’ चार इंजिनांचं ते जुनं प्रवासी जेट संग्रहालयाच्या मोठ्या शेडमध्ये कायमचं विसावलं होतं. बघायला येणाऱ्यांना पंख, इंजिनं, चाकं आपली आपण ओळखता येत, पण बाकीच्या शिंगा-शेपट्यांनी ते चक्रावून जात. शेपटाच्या शेंड्यावरून पुढे आलेला भाला कशाचा? पंखांच्या मागून गाजरांसारखे निमुळते फुगवटे का काढलेत? पंखाच्या पाठीवर कंगव्याच्या दातांसारख्या पत्र्याच्या पट्ट्या कशासाठी रोवल्यात? पोटाखाली लोंबणारी ती आखूड नळी कसली? अशा बावीस वस्तूंना रेघताईंनी नंबर देऊन एकेकीचं चित्र काढलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी विमान कंपनीच्या दुरुस्ती विभागात आरेखन केलं, ‘रेघताई’ हे नाव तिथलंच. तेव्हा टेबलावर जे येईल त्यावरून काढावं लागे. आता वेळ होता, म्हणून छापायला देण्याआधी त्या प्रत्येक वस्तूवर जाऊन बोट ठेवत होत्या. गेला आठवडाभर हाच कार्यक्रम चालला होता.

सतरा नंबरला त्यांच्या चित्रात तळहाताएवढी गोल चकती होती, मध्ये सहा बारीक भोकं. विमानावर तिच्या जागी आता नुसतं गोल भगदाड होतं.

रेघताईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आत डोकावल्या. आतल्या बारीक नळीच्या तोंडावर लाल टोपण घट्ट बसवलेलं होतं. भगदाडाच्या कडेचा जुना चिकट लेप पत्र्याला ओरखडासुद्धा न येता खरवडून काढला होता. बाजूला एक कापडी पुरचुंडी चिकटपट्टीनं लावली होती, आणि तिच्यात चकतीचे आठच्या आठ स्क्रू होते.

संचालक धावत आले. पस्तिशीचा हुशार माणूस, पण कशाचाही गाजावाजा होऊ नये या काळजीनं सदा अर्धा झालेला. उद्घाटन होईपर्यंत पोलीस नकोत, असं त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं. त्यांच्या डोक्यात संशयितही तयार होता: गावातले दातांचे डॉक्टर, ज्यांना जुन्या विमानांचे सुटे भाग जमवण्याचं वेड होतं. मागच्या महिन्यात त्यांनी याच विमानाच्या नाकाभोवती दोन तास घिरट्या घातल्या होत्या.

“डॉक्टरांनी चकती नेली असती,” रेघताई शिडी उतरत म्हणाल्या, “पण मागे नळीला टोपण कशाला लावलं असतं?”

“म्हणजे?”

“चालत्या विमानाचा भाग काढला की उघड्या नळीत माती जाऊ नये म्हणून टोपण लावतात. स्क्रू हरवू नयेत म्हणून पुरचुंडी बांधून जागेवरच ठेवतात. हे विमान तर पुन्हा कधीच उडणार नाही. तरी ज्यानं चोरी केली, त्याच्या हातांना हे केल्याशिवाय राहवलं नाही.”

संचालकांनी शेडच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. तिथं फोरमन पाठमोरे बसून चाकाची टोपी पुसत होते. गेली दहा मिनिटं ते तीच टोपी पुसत होते.

२

फोरमन चौऱ्याहत्तर वर्षांचे. कंपनीत असताना त्यांच्या हाताखाली साठ माणसं होती. आता हाताखाली एक विमान होतं आणि त्याचं ते विनामोबदला सगळं बघत. रेघताईंची आणि त्यांची ओळख तीस-पस्तीस वर्षांची. जेवणाच्या सुट्टीत एका टेबलावर बसणारी, एकमेकांच्या घरची आजारपणं ठाऊक असलेली, पण अहो-जाहो कधी न सुटलेली. गेला आठवडाभर शिडी धरून तेच उभे राहिले होते.

शेडला कुलूप त्यांनीच संध्याकाळी पाचला लावलं, सकाळी आठला त्यांनीच काढलं. दुसरी किल्ली संचालकांकडे. पण मागच्या पत्र्याच्या दाराची कडी महिनाभर मोडकीच होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. दिवसासुद्धा दुपारच्या जेवणाला शेड तासभर रिकामी असे. रेघताईंनी विचारलं तेवढ्याची त्यांनी उत्तरं दिली. मग फडकं झटकत म्हणाले, “कशाला डोकं शिणवता ताई? सतरा नंबर फलकावरून काढून टाका. एकवीस वस्तू काय कमी आहेत?”

हरवलेल्या एका वॉशरसाठी अख्खी पाळी थांबवून ठेवणारा हा माणूस होता. ‘काढून टाका’ हे शब्द रेघताईंनी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

त्या विचार करत बसल्या. ही चकती होती तरी कशाची? विमानाचा वेग दाखवणाऱ्या काट्याला दोन गोष्टी लागतात. नाकापुढच्या नळीत समोरून घुसणारा वारा, आणि अंगाशी स्थिर असलेल्या हवेचा दाब. या दोन दाबांतला फरक म्हणजे वेग. दुसरा दाब या चकतीच्या भोकांतून आत जातो. या जातीच्या विमानात डावी चकती कॅप्टनच्या काट्याला जोडलेली होती, उजवी सहवैमानिकाच्या.

आणि या विमानाच्या बाबतीत कॅप्टनचा काटा ही साधी गोष्ट नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी हेच विमान उतरताना धावपट्टी संपवून पुढच्या चिखलात गेलं होतं. पुढचं चाक मोडलं, सत्तावीस माणसं जखमी झाली, मेलं कुणी नाही. विमान त्यानंतर उडालं नाही. कॅप्टनही उडाला नाही. वेग फार जास्त होता, असं चौकशीत निघालं. कॅप्टन म्हणत राहिला की माझ्या काट्यावर वेग बरोबर होता. शेजारी बसलेला सहवैमानिक म्हणाला की माझ्या काट्यावर तो खूप जास्त होता, मी तसं बोललोसुद्धा. दोन्ही काटे काढून तपासले, दोन्ही निर्दोष निघाले. नळ्या गळत नव्हत्या, भोकं बुजलेली नव्हती. तेव्हा उरला तो कॅप्टनचा शब्द, आणि तो खोटा ठरला. नऊ वर्षांनी तो वारला.

तोच सहवैमानिक परवा उद्घाटनाची फीत कापणार होता.

संचालकांच्या वहीत मागच्या आठवड्यात विमानाजवळ जाण्याची परवानगी घेतलेल्यांची नावं होती. सोमवारी कॅप्टनची मुलगी, काल सकाळी सहवैमानिक. रेघताईंनी ती दोन्ही टिपून घेतली आणि सतरा नंबरचं मूळ चित्र पुन्हा एकदा पाहावं म्हणून वाचनकक्षात गेल्या. कंपनीचं सुट्या भागांचं जाडजूड सचित्र पुस्तक तिथं होतं. फोरमननीच आपली प्रत संग्रहालयाला भेट दिली होती. रेघताईंनी विमानाच्या नाकाचं प्रकरण काढलं. एकशे अकरा, एकशे बारा आणि लगेच एकशे पंधरा.

मधलं पान कुणीतरी पट्टी लावून, ब्लेडनं, शिवणीपाशी अगदी सरळ कापून नेलं होतं.

३

कॅप्टनच्या मुलीचं चष्म्याचं दुकान होतं. बाहेर आरशाची कपाटं, आत भिंगं घासायचं यंत्र, भिंतीवर खाली खाली बारीक होत गेलेल्या अक्षरांचा तक्ता. पन्नाशीची बाई, बोलणं मोजकं. रेघताई कोण आणि कशाला आल्या हे ऐकून तिनं हातातली फ्रेम खाली ठेवली.

चकती तिनं नेलेली नव्हती. नेली असती तर लपवली नसती, असं ती म्हणाली, आणि ते रेघताईंना पटलं. सोमवारी ती गेली होती कारण बाबांचं विमान परवापासून माणसं तिकीट काढून पाहणार होती, आणि फीत कापणार होता तो माणूस, ज्याच्या एका साक्षीनं बाबा घरी बसले. त्याच्याशी कुणाचंही वैर नाही असं दाखवत तिथं टाळ्या वाजवायला ती जाणार नव्हती. म्हणून आधीच एकटी जाऊन आली.

“तो खोटं बोलला,” ती म्हणाली. “माझे बाबा घरात साखरेच्या डब्याबद्दलसुद्धा कधी खोटं बोलले नाहीत. काट्याबद्दल बोलतील?”

दुकानाच्या मागच्या खोलीतून कुणीतरी खोकलं. आई आहे, तिनं सांगितलं, चौऱ्याऐंशीची, ऐकू कमी येतं.

तिनं फोनवर फोटो दाखवले. ती बाबांच्या बाजूनंच फिरली होती: डावी खिडकी, डावा दरवाजा, नाकाचा डावा भाग. चष्म्यांचं काम करणाऱ्या माणसाची नजर. फोटो स्वच्छ होते. एकात चकती आली होती. सोमवारी संध्याकाळचं ऊन शेडच्या दारातून तिरकं आत आलेलं, आणि चकतीवर पडलेलं.

रेघताईंनी फोटो मोठा केला. मग दुकानातलं भिंग मागून घेतलं आणि त्यातून पाहिलं.

भोकांच्या मागच्या कडेला चंद्रकोरीसारखी एक बारीक सावली होती. सावली पडायला काहीतरी वर आलेलं असावं लागतं. या विमानाची चकती आरशासारखी सपाट असायला हवी होती. तिचं चित्र रेघताईंनी स्वतः काढलं होतं.

४

सहवैमानिक आता सहासष्टचा होता आणि मोठा कॅप्टन होऊन निवृत्त झाला होता. त्यानं रेघताईंना व्हरांड्यात बसवलं. काल तो विमानात शिरला, उजव्या खुर्चीत पंधरा मिनिटं बसला आणि उजव्याच बाजूनं उतरून निघून गेला. डाव्या अंगाला गेलोच नाही, म्हणाला. नळी, टोपण, स्क्रू यातलं मला काही कळतही नाही, ते काम खालच्या लोकांचं. हे बोलताना त्यात मिजास नव्हती, नुसती वस्तुस्थिती होती.

त्या दिवसाबद्दल मात्र तो आपणहून बोलला. उड्डाणापासूनच दोन काट्यांत फरक दिसत होता. त्यानं कॅप्टनला सांगितलं. पण आदल्या आठवड्यात त्याच्याच काट्याबद्दल तक्रारीच्या वहीत नोंद झाली होती, म्हणून कॅप्टन म्हणाला, तुझा काटा नादुरुस्त आहे, माझ्याच काट्यावर चालायचं. “मी कनिष्ठ होतो. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही सांगितलं. चौकशीत जे दिसलं ते बोललो. कॅप्टनना ते खोटं वाटलं. ते हट्टी होते असं मी आयुष्यभर समजत आलो.” मग तो म्हणाला की फीत कापायला तो नाहीच म्हणणार होता, पण नाही म्हटलं असतं तर लोकांनी त्याचाही अर्थ काढला असता.

तिथून निघून रेघताई दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी वस्तू मांडल्या होत्या. दारांच्या मुठी, सीटचे पट्टे, एक अख्खी खिडकी. चोरीचा आळ आपल्यावर आलाय हे कळल्यावर त्यांना रागापेक्षा वाईट वाटलं. मग त्यांनी खण उघडला आणि दोन चकत्या काढून टेबलावर ठेवल्या.

“एक या विमानाला बसणारी, एक याच्या लांब भावंडाची. दोन्ही माझ्याकडे पहिल्यापासून आहेत. तिसरी कशाला चोरू?”

कंपनीकडे त्या जातीची दोन भावंडं होती, एक आखूड आणि एक लांब. लांब विमानाचं नाक निराळं, म्हणून त्याची चकतीही निराळी. आखूडची सपाट. लांबच्या चकतीला भोकांच्या मागे नखाच्या जाडीचा चंद्रकोरीसारखा उंचवटा. बाकी आकार, भोकं, स्क्रूंच्या जागा सगळं तंतोतंत तेच. एक काढून दुसरी बसवली तर मुकाट बसेल.

रेघताईंनी उंचवट्यावरून बोट फिरवलं. आखूड विमानाच्या अंगावर हा उंचवटा वाऱ्याला अडवणार. वारा भोकांपाशी साचणार, दाब वाढणार, आणि काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणार. विमान जमिनीवर उभं असलं की वारा नाही, म्हणजे दोषही नाही. म्हणून कुठल्याच तपासणीत काही सापडलं नाही. कॅप्टन खरं बोलत होता. सहवैमानिकही खरं बोलत होता.

पण चुकीची चकती बसलीच कशी? प्रत्येक भागाच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो, आणि पुस्तकात पाहून नंबर जुळल्याशिवाय भांडारातून भाग मिळत नाही.

डॉक्टरांकडे पुस्तकाची प्रत होती. त्यांनी कौतुकानं एकशे चौदावं पान उघडून दिलं. दोन चकत्या शेजारी शेजारी काढल्या होत्या, छाया-प्रकाशासकट, सुरेख. प्रत्येकीपासून एक बारीक रेघ निघून तिच्या नंबरापर्यंत जात होती. रेघताईंनी टेबलावरच्या दोन चकत्या उलट्या केल्या, पाठीवरचे नंबर वाचले, आणि पानावरच्या रेघांवरून बोट नेलं.

सपाट चकतीची रेघ उंचवट्याच्या नंबराला जाऊन मिळाली होती. उंचवट्याची, सपाटच्या.

पानाच्या खालच्या कोपऱ्यात, काढणाऱ्याची म्हणून, दोन अक्षरांची सही होती. ती सही रेघताईंची होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेडमध्ये गेल्या तेव्हा फोरमन एकटेच होते. रेघताईंनी स्टूल ओढून घेतलं. रात्री त्यांना झोप लागली होती याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं होतं. ते पान काढलं तो दिवस आठवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण काही आठवलं नाही. कुणी आजारी नव्हतं, कसली घाई नव्हती, भांडण नव्हतं. इतर दिवसांसारखा एक दिवस असणार.

“चकती तुम्ही काढलीत,” त्या म्हणाल्या.

फोरमननी हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

“टोपण पाहिलं तेव्हाच वाटलं होतं. पण का, ते कळेना. पहिल्यांदा वाटलं, तुम्ही स्वतःला वाचवताय. एकतीस वर्षांपूर्वी ती तुम्हीच बसवली असणार.”

बसवली मीच, फोरमन म्हणाले. अपघाताच्या आदल्या दुपारी जेवण चढवणाऱ्या गाडीची शिडी विमानाच्या नाकाला घासली आणि जुनी चकती वाकली. ती कधी बदलावी लागतच नाही. आयुष्यात एकदाच बदलली. पुस्तकात नंबर पाहिला, भांडारातून आणली, बसवली, रंग मारला.

“हो. म्हणून तर ते पान मला खटकलं,” रेघताई म्हणाल्या. “स्वतःला वाचवायचं असतं तर तुम्ही ते पान जपून ठेवलं असतं. पुस्तकात जो नंबर होता तोच भाग तुम्ही बसवलात, हे त्या पानावरूनच तर सिद्ध होतं. तुमच्या बाजूचा एकुलता एक पुरावा तुम्ही कापून टाकलात. असं माणूस दुसऱ्या कुणासाठी तरी करतो. आणि त्या पानावर दुसरं कुणी नाहीच. मी आहे.”

फोरमन उठले. हत्यारांच्या पेटीच्या तळातून त्यांनी मऊ कापडात गुंडाळलेली चकती काढली, आणि तिच्याखालून घडी न घालता ठेवलेलं ते पान.

महिन्यापूर्वी जुना रंग खरवडताना तो उंचवटा त्यांच्या हाताला लागला होता. आधी त्यांना वाटलं, हे माझ्याच हातून झालं. मग पुस्तक काढलं, नंबर बरोबर. मग रेघा पाहिल्या. मग कोपरा पाहिला. त्यानंतर ते गप्पच राहिले. पण रेघताई फलकासाठी एकेका वस्तूवर बोट ठेवत येऊ लागल्या. रोज शिडी धरताना ते मोजत होते. काल सतराचा नंबर लागणार होता. परवा दुपारच्या सुट्टीत त्यांनी चकती काढली आणि नेमकं काय सांगायचं ते सुचेना म्हणून काहीच सांगितलं नाही.

“तेव्हा बसवताना एकदा मनात आलं होतं, ही जरा वेगळी दिसते,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “पण पुस्तकात होतं. आणि चित्र तुमचं होतं ताई. तुमचं चित्र चुकेल असं कुणाच्या मनात आलं असतं?”

रेघताईंना हे सगळ्यात जास्त लागलं. चेहऱ्यावर त्यांनी दिसू दिलं नाही.

एवढ्यात संचालक आले, आणि त्यांना सगळं सांगावंच लागलं. त्यांनी ते उभ्यानं ऐकलं. मग घाईघाईनं एक तोड सुचवली: उजव्या बाजूच्या सपाट चकतीची प्रतिकृती करून डावीकडे बसवू, फलक आहे तसा राहील. कॅप्टन जाऊन बावीस वर्षं झाली. आता हे उकरून कुणाचं काय भलं होणार?

“त्यांची बायको आहे,” रेघताई म्हणाल्या. त्यांनी चकती आणि पान पिशवीत घातलं. फोरमनही उठायला लागले, तेव्हा त्यांनी हातानंच त्यांना बसायला सांगितलं.

६

दुकानात गिऱ्हाईक होतं. रेघताई बाकावर थांबल्या. एक माणूस नवा चष्मा लावून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचत होता, चुकत होता, परत वाचत होता. तो गेल्यावर त्यांनी काउंटरवर पान पसरलं, शेजारी विमानाची चकती ठेवली आणि डॉक्टरांकडून मागून आणलेली सपाट चकती ठेवली. कॅप्टनच्या मुलीला सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली. त्यांनी काही गाळलं नाही. सही कुणाची ते मुलीनं विचारायच्या आधीच सांगितलं.

मुलीनं दोन्ही चकत्यांवरून अंगठा फिरवला. उंचवट्यावरून तीनदा फिरवला. रेघताईंना वाटलं, आता ती बाहेर जा म्हणेल, आणि म्हणाली असती तर त्या गेल्याही असत्या.

“हे आईला सांगा,” ती म्हणाली. “मी सांगितलं तर तिला वाटेल मी बाबांची बाजू घेतेय. सावकाश सांगा. मोठ्यानं.”

मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची होती आणि खुर्चीत कॅप्टनची बायको, मांडीवर वर्तमानपत्र, डोळ्यांवर मुलीच्याच दुकानातला जाड चष्मा. रेघताई तिच्यासमोर पलंगाच्या कडेवर बसल्या आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. मोठ्या आवाजात स्वतःची चूक सांगणं फार वेगळं असतं हे त्यांना तिथं कळलं. शब्द झाकता येत नाहीत. ‘माझ्या हातून’ हे त्यांना दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा म्हातारीला ऐकू आलं नाही.

म्हातारीनं चकती मांडीवर घेऊन तिच्यावरून बोट फिरवलं.

“रोज जेवताना म्हणायचे,” ती म्हणाली. “मी काटा पाहिला होता, म्हणायचे. नऊ वर्षं. मी म्हणायची, पुरे झालं आता, जेवा. मला वाटायचं, बघण्यात चूक झाली असेल आणि मान्य करवत नसेल.” ती मुलीकडे वळली. “मी त्यांना कधी म्हटलं नाही की माझा विश्वास आहे.”

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

रेघताईंनी माफी मागायला तोंड उघडलं. येताना त्यांनी वाक्यं जुळवली होती. म्हातारीनं हात वर केला, थांब म्हणून, आणि तो हात तसाच पुढे येऊन रेघताईंच्या मनगटावर टेकला. त्यात माया होती की आधार शोधणं होतं, हे त्यांना समजलं नाही.

“हे लिहून द्याल?”

रेघताईंनी पिशवीतून कागद काढला. खिडकीच्या फळीवर ठेवून त्यांनी दीड पान लिहिलं: चकत्यांचे नंबर, पानाचा नंबर, चूक काय, तिच्यामुळे काटा कसा फसला. खाली, दोन अक्षरं न करता, पूर्ण नाव लिहिलं. हेच सतरा नंबरच्या जागी फलकावर येईल, असंही त्यांनी सांगितलं. संचालकांना पटो न पटो, फलक त्यांचा होता.

म्हातारीनं कागद डोळ्यांजवळ नेऊन पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. मग घडी घातली.

“तो दुसरा,” ती मुलीला म्हणाली, “उजवीकडे बसलेला. त्याचा नंबर आहे का?”

“आई, त्याला कशाला?”

“तोही खरंच बोलत होता ना? त्याला कुणी सांगितलंय का?”

मुलीनं फोन काढला. मग तिनं रेघताईंना नंबर विचारला. रेघताईंनी वहीतून वाचून दाखवला आणि तिनं एकेक आकडा दाबला. पलीकडे घंटी वाजायला लागल्यावर तिनं फोन आईच्या हातात दिला. आपलं इथलं काम संपलं असं समजून रेघताई उठल्या, पण म्हातारीनं मान हलवून त्यांना खाली बसवलं.

“हॅलो,” ती ऐकू न येणाऱ्या माणसांच्या मोठ्या आवाजात म्हणाली, “मी कॅप्टनची बायको बोलतेय. तुम्ही फोन ठेवू नका. इथं एक बाई बसल्यात, त्यांचं ऐका.”

आणि तिनं फोन रेघताईंच्या पुढे धरला.